‘ते वकिलांना विचारा’

आयोजकांनी विषय दिला आहे तो कौटुंबिक दाव्यांतल्या बायकांना आधार देणाऱ्या कार्यकर्त्यांच्या कायदेविषयक प्रशिक्षणाचा. आम्ही वकील नव्हे, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण निवृत्तीनंतर अशा काही प्रशिक्षणांना मागच्या बाकावर जाऊन बसलो, त्यावरून बोलतो आहोत.

एका ठिकाणी जेवणाच्या आधी एका कार्यकर्तीने विचारलं, "सर, आमच्याकडे नवराबायकोचा समेट होतो, कागद करतो, दोघं सह्या करतात. महिन्याने तो पुन्हा मारतो. त्या कागदाचं कोर्टात काय होतं?" प्रशिक्षक म्हणाले, "ते वकिलांना विचारा." झालं, जेवणाची सुट्टी.

सकाळपासून त्याच गृहस्थांनी 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची कलमं फळ्यावर लिहिली होती: 18 संरक्षणाचं, 19 निवासाचं, 20 आर्थिक साहाय्याचं. सगळं बरोबर. पण त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर त्याच फळ्यावर होतं. संस्थेत झालेला कागद म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे. दंडाधिकाऱ्यांनी दिलेला संरक्षण आदेश मोडला तर कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. केंद्रातला कागद मोडला तर ते कलम लागत नाही. कागद पुरावा म्हणून दाखवता येईल, एवढंच. हे सांगायला सनद लागत नाही. वकिली करणं वेगळं आणि कायदा काय म्हणतो ते सांगणं वेगळं. 'आपण सल्ला द्यायचा नाही' हे वाक्य प्रशिक्षणात इतक्या वेळा येतं, की आम्हाला शंका येते, ते जपतं कुणाला? बाईला की संस्थेला?

आता समेटाचंच बघू. कुटुंब न्यायालयांचा कायदा 1984 चा. त्यातलं कलम 9 न्यायालयालाच समेटाचा प्रयत्न करायला सांगतं, आणि कलम 13 प्रमाणे तिथे वकील हा पक्षकाराचा हक्क म्हणून मिळत नाही, न्यायालयाची परवानगी लागते. म्हणजे बाईच्या शेजारी कार्यकर्ती असणं किती मोलाचं, ते लक्षात घ्या. (त्याच 1984 साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. कार्यकर्ती पोलिसांच्या शेजारी बसू शकते, हे आपल्याकडे तेव्हापासून ठाऊक आहे.) पण केंद्रांत शिकवलं जातं ते असं: दोन्ही बाजू ऐका, तटस्थ राहा, आधी तीन बैठका होऊ द्या.

या तीन बैठकांची किंमत कोण मोजतं? रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरावी. म्हणजे अर्ज लांबला की पैसे गेले. महिन्याला एक बैठक धरली तर तीन महिन्यांची पोटगी त्या तटस्थतेने खाल्ली. समेट नको असं आमचं म्हणणं नाही. बाईला हा हिशोब सांगा आणि मग तिला ठरवू द्या. हिशोब लपवून ठेवलेल्या तटस्थतेला आम्ही तटस्थता म्हणत नाही.

दुसरी गोष्ट जरा रेंगाळून सांगतो, कारण इथे आमचा धंदा येतो: शब्दांचा. बाई येते आणि म्हणते, "फार त्रास आहे हो." कार्यकर्ती घटना अहवालात, ज्याला सगळे डीआयआर म्हणतात, लिहिते: 'पती व सासू मानसिक व शारीरिक त्रास देतात.' त्या नमुन्यात तारीख, जागा, वेळ, कुणी केलं, यांचे रकाने आहेत. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक, आर्थिक, असे प्रकार आहेत. 'त्रास' हा शब्द हे सगळे रकाने गिळून बसतो. मग उलटतपासणीत पहिला प्रश्न येतो, "कधी?" बाई गप्प. तिला तारीख नसते हो, पण नागपंचमी असते, थोरल्याची परीक्षा असते, गॅस संपला तो दिवस असतो. तिथून तारीख काढायला शिकवावं लागतं. "मारलं का?" असं विचारलं की शब्द आपले तिच्या तोंडी जातात. "मग काय झालं?" असं विचारलं की तिचे येतात. पगार काढून घेणं, दागिने सासूच्या कपाटात जाणं, याला ती हिंसा म्हणतच नाही, म्हणून सांगतही नाही. हा सराव आम्ही कुठेही अर्ध्या तासापेक्षा जास्त पाहिला नाही. कलमांना मात्र अख्खा दिवस.

आणि प्रशिक्षण संपल्यावर काय? विधी सेवा प्राधिकरणाच्या 1987 च्या कायद्याने बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. ही मोठी सोय आहे. पण तो वकील बाईचा. शनिवारी संध्याकाळी घराबाहेर काढलेली बाई समोर बसली आहे, आज काय लिहून घ्यायचं, हा कार्यकर्तीचा प्रश्न आहे, तो तिने कुणाला विचारायचा? प्रत्येक प्रशिक्षणाबरोबर असा फोन उचलणारा एक वकील ठरवून द्या, त्याला मानधन द्या. तेवढा खर्च चहा-जेवणाच्या बिलातूनही निघेल.

त्या बाई जेवणाच्या रांगेत आमच्या पुढेच होत्या. आम्ही कलम 31 सांगितलं. त्यांनी ताट खाली ठेवलं, पर्समधून वही काढली आणि म्हणाल्या, "परत सांगा, हळू."