वटवाघळे मोजायची की त्यांचे आवाज?

अमेरिकेतील आणि युरोपातील विद्यापीठे अधूनमधून एक जाहिरात देतात. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा एकच : वनव्यवस्थापनाचा वटवाघळांवर काय परिणाम होतो हे अभ्यासण्यासाठी संशोधक पाहिजे, मुदत दोन किंवा तीन वर्षे, रात्री काम करण्याची तयारी हवी, रेबीजची लस टोचून घेतलेली असावी. लस आणि जागरण ठीकच आहे. आमची तक्रार आहे ती प्रश्नाच्या मांडणीबद्दल आणि मुदतीबद्दल.

प्रश्नात जगातील १४००हून अधिक जाती एकाच पोत्यात भरल्या आहेत. ‘जंगलतोडीचा पक्ष्यांवर काय परिणाम होतो?’ असे वर्गात विचारले तर एखादा चुणचुणीत विद्यार्थी लगेच म्हणेल, कोणत्या पक्ष्यांवर? घारीवर की सुतारावर? वटवाघळांच्या बाबतीत हा उलटप्रश्न कोणाला सुचत नाही, कारण ती अंधारात उडतात आणि आपल्याला सारखीच दिसतात. प्रत्यक्षात काही जातींचे पंख लांब व अरुंद असतात. त्या मोकळ्या आकाशात वेगाने उडतात, पण दाट फांद्यांमध्ये त्यांना झटकन वळता येत नाही. रुंद, आखूड पंखांच्या जाती मात्र झाडीत शिरून पानावर बसलेला पतंगही उचलतात. जंगलाची विरळणी केली की पहिल्या गटाचे फावते आणि दुसऱ्याची पंचाईत होते. दोघांची बेरीज केली तर ‘फारसा परिणाम नाही’ असे उत्तर निघू शकते, आणि ते दोघांच्याही बाबतीत खोटे असते.

दुसरा घोटाळा मोजमापाचा. अलीकडे बहुतेक अभ्यास ध्वनिमुद्रकांवर चालतात. वटवाघळाचा आपल्याला ऐकू न येणारा आवाज यंत्र टिपते. एक वटवाघूळ जवळून गेले की एक ‘फेरी’ नोंदली जाते. आता शाळेच्या फाटकाशी डोळे मिटून बसा आणि सायकलच्या घंटा मोजा. चाळीस घंटा म्हणजे चाळीस मुले, की एकाच उनाड मुलाच्या चाळीस चकरा? यंत्रालाही ते कळत नाही. शिवाय उच्च वारंवारतेचा आवाज हवेत लवकर विरतो आणि पानांवर आपटून विखुरतो. म्हणजे तोडलेल्या जंगलात यंत्राला जास्त लांबचे ऐकू येते. फेऱ्या वाढल्या त्या वटवाघळे वाढली म्हणून की पाने कमी झाली म्हणून? पानांवरून किडे उचलणाऱ्या जाती तर मुळातच हळू आवाजात बोलतात. ज्यांना जंगल दाट लागते त्याच नोंदीतून निसटतात. ही त्रुटी अभ्यासकांना ठाऊक आहे, निबंधात ती एखाद्या वाक्यात कबूलही केलेली असते. पण निष्कर्षाच्या परिच्छेदापर्यंत पोचेपर्यंत ‘फेऱ्या’चे ‘वटवाघळे’ होऊन जाते. आमचा खरा आक्षेप या घसरणीवर आहे.

इंडियाना वटवाघळाचे उदाहरण पाहू. जेमतेम सात ग्रॅम वजनाचा हा प्राणी अमेरिकेत १९६७ साली संकटग्रस्त ठरवला गेला. हिवाळ्यात तो गुहांमध्ये हजारोंच्या संख्येने झोपतो, म्हणून रक्षणाचा पहिला भर गुहांवर होता. माद्या उन्हाळ्यात पिले कुठे वाढवतात, हे कळायला १९७०चे दशक उजाडावे लागले. त्या मेलेल्या झाडांच्या सुटलेल्या सालीखाली राहतात! वनखात्याच्या जुन्या हिशेबात मेलेले झाड म्हणजे वाया गेलेली जागा; ते काढणे हीच चांगली व्यवस्था. इथे तेच झाड म्हणजे बाळंतिणीची खोली. आणि ती कायमची नसते. काही वर्षांत साल गळून पडते, मग दुसरे मेलेले झाड लागते. त्यातही ऊन लागणारे झाड पसंत, कारण पिलांना ऊब हवी असते. त्यामुळे आजूबाजूची थोडी झाडे काढल्याने फायदाही होऊ शकतो. ‘तोड वाईट, न तोडणे चांगले’ असे सोपे सूत्र इथे चालत नाही, आणि याचे उलटे सूत्रही चालत नाही.

याच इंडियाना राज्यातील दोन सरकारी जंगलांत २००६ साली शंभर वर्षांचा एक प्रयोग सुरू झाला. जंगलाचे नऊ खंड निवडले : तीन खंडांत मोठे पट्टे तोडायचे, तीन खंडांत निवडक झाडे काढायची आणि तीन खंडांना हात लावायचा नाही. तोडीपूर्वीच्या नोंदी घेऊन २००८ साली पहिली तोड झाली. आणि २०११ साली त्या राज्यात ‘पांढरे नाक’ हा बुरशीजन्य रोग येऊन पोचला. न्यूयॉर्क राज्यातील एका गुहेत २००६ साली प्रथम दिसलेल्या या रोगाने उत्तर अमेरिकेतील तीन जातींची संख्या दहा वर्षांच्या आत नव्वद टक्क्यांहून अधिक घटवली. २०१० ते २०१३ अशी तीन वर्षांची नेमणूक घेऊन कोणी फक्त तोडलेल्या भागात नोंदी करत बसला असता, तर घसरणीचा ठपका त्याने बिनदिक्कत करवतीवर ठेवला असता. न तोडलेले तीन खंड शेजारी होते म्हणून रोग आणि करवत वेगळे काढण्याची सोय राहिली. नियंत्रित प्रयोग म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला सुचत नाही. तरीही तीन-तीन खंड हा आकडा लहानच आहे, आणि वटवाघूळ एका खंडात झोपून दुसऱ्यात जेवायला जाऊ शकते, ही अडचण उरतेच.

ज्या झाडाला वठून साल सुटायला वर्षे लागतात, त्याचा अभ्यास तीन वर्षांच्या नेमणुकीत कोंबणे ही काही संशोधकाची चूक नाही. पैसे देणारे तेवढ्याच मुदतीचे देतात. पण मग जाहिरातीतला प्रश्नही तेवढाच लहान असावा : या जंगलात, या जातीच्या माद्या, अमुक उन्हाळ्यात कोणत्या झाडांत राहिल्या?

आपल्याकडे तर कायद्यानेच बराच काळ गोंधळ घातला होता. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळे खाणारी वटवाघळे उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२च्या दुरुस्तीने ती यादीच गेली. अभ्यास मात्र त्यापूर्वीच सुरू झाले होते. तमिळनाडूतील वालपराईच्या पठारावर चहाचे मळे, सावलीतली कॉफी आणि जंगलाचे तुकडे यांतील वटवाघळांची तुलना झाली. चहाच्या मळ्यांत जाती फार थोड्या आढळल्या. देशी झाडांच्या सावलीतली कॉफी जंगलाच्या पुष्कळ जवळ होती. आम्हाला या कामातली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. दक्षिण सह्याद्रीतील कोणती जात कसा आवाज काढते, हेच पुरेसे नोंदलेले नव्हते. म्हणून या मंडळींनी जाळ्यात वटवाघळे पकडून, ओळखून, त्यांच्या आवाजांची सूची आधी तयार केली आणि ती २०१४ साली प्रसिद्ध केली.