परभणीची ‘हैदराबाद बँक’ : वास्तूचा काल व कागदांची साक्ष

मराठवाड्यांतील जुन्या लोकांच्या तोंडीं ‘हैदराबाद बँक’ हें नांव अद्याप आहे. १ एप्रिल २०१७ रोजीं ती संस्था भारतीय स्टेट बँकेंत विलीन झाली, पाट्या बदलल्या, खात्यांचीं पुस्तकें बदललीं. परभणी, नांदेड, औरंगाबाद येथें नांव मात्र राहिलें. ज्या इमारतींस तें चिकटलें त्यांविषयीं, आणि एकंदरींतच या भागांतील जुन्या कचेऱ्या, शाळा व पेढ्या यांविषयीं लिहितांना, स्थानिक लेखक बहुधा एकच विशेषण योजून मोकळे होतात : ‘निजामकालीन’. या विशेषणावर आमचा आक्षेप आहे.

निजामाचा अंमल १७२४ पासून १९४८ पर्यंत, म्हणजे २२४ वर्षें चालला. इतक्या मोठ्या कालखंडाचें नांव घेऊन एका इमारतीचा काल ठरतो असें मानणें म्हणजे पेशव्यांच्या दप्तरांतील पत्रावर ‘मराठेशाहींतील’ एवढाच शेरा मारून तें बस्त्यांत परत ठेवण्यासारखें आहे. हिंगोलीची छावणी घ्या. तेथें १९०३ पर्यंत जी कंटिंजंट फौज होती तिचा खर्च निजामाचा आणि अधिकारी इंग्रज. तिच्या बराकीही ‘निजामकालीन’ आणि परभणींतील बँकही ‘निजामकालीन’ म्हटली कीं दोहोंतील भेद नाहींसा झाला.

बँकेच्या बाबतींत तर वरची मर्यादा अगदीं निश्चित आहे. हैदराबाद स्टेट बँक सन १३५० फसलीच्या कायद्यान्वयें ८ ऑगस्ट १९४१ रोजीं स्थापन झाली. हैदराबादेस गनफौंड्री येथें तिची पहिली शाखा ५ एप्रिल १९४२ रोजीं उघडली. सबब परभणी जिल्ह्यांतील कोणतीही शाखा यापूर्वींची असूं शकत नाहीं. इमारत पूर्वींची असूं शकते, परंतु मग ती बँकेची म्हणून बांधलेली नव्हे, आणि तिचा इतिहास आधीं कोणाची तरी माडी, गोदाम किंवा सरकारी कचेरी म्हणून लिहिला पाहिजे. शाखेचा जन्म आणि भिंतींचा जन्म या दोन गोष्टी एक समजण्याची चूक आमच्या पाहण्यांत वारंवार येते.

या चुकीस कालगणनेची दुसरी चूक जोड देते. शिळेवर वा दस्तऐवजावर ‘१३५०’ हा आंकडा दिसला म्हणजे वाचणारा तो हिजरी धरतो आणि १९३१-३२ हें वर्ष काढतो. हैदराबादी फसली धरल्यास तेंच वर्ष १९४०-४१ येतें. नऊ वर्षांचें हें अंतर किरकोळ नव्हे. त्याच्या एका टोकास बँक आहे, दुसऱ्या टोकास ती नाहीं. आंकड्यापुढें ‘फे’ हें अक्षर असल्यास फसली व ‘हे’ असल्यास हिजरी, ही खूण उर्दू जाणणारास परिचित आहे. पण झिजलेल्या दगडावर प्रथम जातें तें हेंच अक्षर. पुणेरी दप्तराची संवय असलेल्या संशोधकास आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. त्याचा सुहूर सन मृगास पालटतो. हैदराबादी फसली वर्ष मात्र आजूर महिन्याच्या पहिल्या तारखेस, म्हणजे ६ ऑक्टोबरास सुरू होतें. जून ते ऑक्टोबर या अवधींतील कागद याच कारणानें एक वर्ष मागें ढकलले जातात. बँकेची स्थापना नेमकी याच अवधींतील आहे.

आतां छापील साधनांकडे वळूं. १९०९ चें हैदराबाद संस्थानाचें गॅझेटिअर बँकेच्या आधींचें, तें येथें निरुपयोगी. महाराष्ट्र शासनाच्या मालेंतील परभणी जिल्ह्याचें गॅझेटिअर १९६७ चें. या मालेचा उपकार आम्ही मानतों. तिच्या आराखड्यांत मात्र एक मूलभूत उणीव आहे. सावकारी, पतपेढ्या व बँका यांचें प्रकरण एक, आणि गांवें व तेथील प्रेक्षणीय स्थळें यांचें प्रकरण दुसरें. पहिल्यांत बँक येते ती शाखा व ठेवी यांच्या रूपानें. दुसऱ्यांत इमारती येतात त्या देवळें, दर्गे व गढ्या यांच्या रूपानें. बँकेची इमारत ही वस्तु दोन्ही प्रकरणांच्या मधल्या फटींत पडते.

ही फट भरावयाची तर बँकेचें मूळ स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. ती व्यापाऱ्यांनीं भागभांडवल जमवून काढलेली केवळ पेढी नव्हती. उस्मानिया सिक्क्याची व्यवस्था आणि संस्थानाचें कर्ज सांभाळणें हीं कामें तिच्याकडे होतीं. म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणची तिची शाखा ही अर्धी दुकान व अर्धी खजिना. गोदावरी खोऱ्यांतील मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभीं सुरू झाल्यावर परभणीच्या कापसास दूरची बाजारपेठ मिळाली. त्या व्यापारास लागणारा पैसा पूर्वीं सावकाराच्या हुंडीवर फिरे. पेढीवरील हुंडी, खजिन्यांतील चलन आणि बँकेचा धनादेश हे तीन कागद एकत्र ठेवून वाचले तर या वास्तूची गरज कां पडली हें कळेल. नुसत्या दर्शनी कमानी मोजून तें कळणार नाहीं.

त्यांतही चलनाचा घोळ आहे. १०० रुपये कलदार म्हणजे हाली ११६ रुपये १० आणे ८ पै, हा सरकारी भाव. सोप्या हिशेबानें सात हालीचे सहा कलदार. १९५० मध्यें भारतीय रुपया हालीच्या जोडीनें याच प्रमाणांत चालू झाला, १९५१ मध्यें हाली नाणें काढणें बंद पडलें, आणि १९५९ मध्यें तें पूर्णपणें रद्द झालें. म्हणून या काळांतील कोणतीही रक्कम चलनाचें नांव लिहिल्यावांचून अर्थहीन आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यांत उमरी येथील या बँकेच्या शाखेवर मुक्तिसंग्रामांतील कार्यकर्त्यांनीं ३० जानेवारी १९४८ रोजीं घातलेला छापा सर्वश्रुत आहे. त्या पराक्रमाविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु जीं कथनें नुसते ‘लाख’ सांगून थांबतात तीं इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहींत. सात लाख हाली आणि सात लाख कलदार यांत एक लाख कलदार रुपयांचा फरक पडतो. शिवाय ‘उमरी बँक’ या रूढ नांवानें ती एखादी गांवची स्वतंत्र पेढी होती असा ग्रह होतो, आणि हल्ला सरकारच्या तिजोरीवर होता हें त्या प्रसंगाचें मर्मच झांकलें जातें.

कागद कोठें आहेत हा प्रश्न यापुढें येतो. १९५६ मध्यें परभणी जिल्हा मुंबई राज्यांत आला. त्याच वर्षीं बँक रिझर्व्ह बँकेच्या मालकीची होऊन तिचें नांव ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’ झालें; १९५९ च्या कायद्यानें ती भारतीय स्टेट बँकेची दुय्यम बँक बनली. मुख्य कचेरी मात्र २०१७ पर्यंत हैदराबादेसच राहिली. एका जिल्ह्याच्या आर्थिक व्यवहाराचें शिर अशा रीतीनें ६१ वर्षें परराज्यांत होतें. संस्थानी अमलांतील अर्थखात्याचें दप्तर हैदराबादच्या अभिलेखागारांत, उर्दूंत. आणि त्यासाठीं मुंबई-पुण्याकडे शोध करणारा रिकाम्या हातानें परततो.

राहिले आमचे संग्राहक बंधु. चारमिनाराची छाप असलेला रुपया, आणि उर्दूबरोबर मराठी, तेलुगू व कानडी अक्षरें असलेली हाली नोट ते चढ्या किमतीस घेतात. त्याच पेटींत निघालेलें खातेपुस्तक, ठेवीची पावती, जागेची भाडेचिठ्ठी हीं रद्दींत टाकतात. नोट हजारों घरीं सांपडेल. परभणीच्या शाखेचा शिक्का, फसली तारीख व चलनाचें नांव हीं तिन्ही ज्यावर आहेत असें पुस्तक दुसरें मिळणार नाहीं. असें कांहीं हातीं आल्यास मधलीं कोरीं पानें न फाडतां, पहिल्या व शेवटच्या नोंदीची तारीख मुळांतील लिपींत उतरून घ्यावी, आणि भाडेचिठ्ठी असल्यास जागेच्या चतुःसीमा शब्दशः नकलाव्या. इमारत ओळखण्यास त्या चतुःसीमाच लागतात.