पदकांवरील नामलेखन आणि अस्सलतेची कसोटी

ऐतिहासिक सैनिकी पदकांच्या अस्सलतेविषयी जे लेखन आजवर झाले आहे, त्याचा भर धातू, वजन, ठशाची बारकाई आणि रिबिनीचे रंग यांवर आहे. पदकावर अक्षरेही असतात आणि ती कोणीतरी कोणाच्या तरी उच्चारावरून लिहिलेली असतात, ही गोष्ट मात्र या लेखनात जवळजवळ अनुल्लेखित राहते. मेजर गॉर्डन यांचा १९४७ साली प्रथम प्रसिद्ध झालेला ‘ब्रिटिश बॅटल्स अँड मेडल्स’ हा या क्षेत्रातील आधारग्रंथ होय. त्याची उपयुक्तता कोणी नाकारणार नाही. परंतु अशा ग्रंथांची दृष्टी संग्राहकाची असते. नाव ठसवलेले आहे की कोरलेले, याची ती दखल घेते. ते नाव तसेच का लिहिले गेले, हा प्रश्न भाषाभ्यासकाचा आहे, आणि तो आपणही विचारलेला नाही.

हा प्रश्न केवळ पांडित्याचा नव्हे. गंगापूर रोडच्या परिसरात स्थायिक झालेल्या सैनिकी कुटुंबांतून वाडवडिलांची पदके अधूनमधून आमच्या विभागाकडे वाचनासाठी येतात. घरातील कागदांवरचे नाव आणि पदकाच्या कडेवरचे नाव यांचे स्पेलिंग जुळत नाही, एवढ्याच कारणावरून व्यापाऱ्याने पदक बनावट ठरवावे आणि चांदीच्या भावाने मागावे, असा अनुभव ही माणसे सांगतात. उलटपक्षी, आजच्या दृष्टीने निर्दोष स्पेलिंग असलेली वस्तू विनाशंक स्वीकारली जाते. दोन्ही ठिकाणी कसोटी नेमकी उलटी लावली जाते, असे आमचे मत आहे.

उदाहरणादाखल ‘आर्मी ऑफ इंडिया’ हे पदक घेऊ. ईस्ट इंडिया कंपनीच्या खर्चाने ते १८५१ साली देण्यात आले. त्यावर १७९९ ते १८२६ ही वर्षे असली, तरी ज्या लढायांसाठी ते दिले त्यांतील पहिली १८०३ ची आहे. लढायांची नावे रिबिनीवरील आडव्या पट्ट्यांवर असून अशा एकवीस पट्ट्या ठरविण्यात आल्या होत्या. असई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, कोरेगाव ही त्यांतील आपल्या मुलखातील नावे. पण पट्टीवर ती अशी नाहीत. कोरेगाव व अडगाव यांच्या अखेरीस रोमन ‘एम’ येतो. ‘कोरीगॉम’, ‘अर्गॉम’ असे काहीसे वाचावे लागते. हा ‘एम’ म्हणजे मकार नव्हे. ‘गांव’ या शब्दातील अनुनासिकाची ती खूण आहे. पोर्तुगीज लेखनात शब्दान्तीचा ‘एम’ हेच कार्य करतो, आणि पश्चिम किनाऱ्यावरून तो संकेत इंग्रजांच्या हाती आला असावा, असे आम्हास वाटते. ‘अडगाव’मधील डकार स्वरमध्यस्थ असल्याने परकीय कानाला रकारासारखा ऐकू आला. ‘सीताबर्डी’त उलट घडले, तेथे रकाराच्या जागी लकार बसला.

‘गाविलगड’ याहून बोलका आहे. मराठी ‘गड’ या शब्दात महाप्राण नाही. पट्टीवर मात्र ‘जी’नंतर ‘एच’ आहे आणि शेवटी ‘आर’ आहे. हिंदुस्थानी ‘गढ’ ऐकून त्यातील महाप्राण आरंभीच्या गकारावर नेऊन ठेवल्याशिवाय हे रूप सिद्ध होत नाही. म्हणजे किल्ला वऱ्हाडातला असला, तरी नाव लेखणीपर्यंत पोचले ते मराठी मुखातून नव्हे. अशी रूपे अशुद्ध म्हणून सोडून देणे म्हणजे पुराव्यावरच बोळा फिरविणे होय. उद्या आजच्या शासकीय स्पेलिंगात ‘कोरेगाव’ लिहिलेली पट्टी कोणी आणली, तर चांदी कितीही चोख असो, ती १८५१ ची नाही.

कडेवरील नावांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. या पदकावर युरोपीय सैनिकांची नावे ठळक रोमन अक्षरांत ठसवलेली, तर हिंदी शिपायांची वळणदार लिपीत हाताने कोरलेली आढळतात. हाताचे काम असल्यामुळे हिंदी नावाची नक्कल करणे सोपे, आणि हिंदी नावाची पदके दुर्मिळ असल्यामुळे लाभाचेही. कारण ही पदके केवळ तोवर हयात असलेल्यांनाच मिळाली. असईच्या रणात लढलेल्या शिपायाला त्यासाठी अठ्ठेचाळीस वर्षे जगावे लागले! १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावी जे पडले त्यांची नावे तेथील जयस्तंभावर कोरलेली आहेत. त्यांतील अनेकांच्या अखेरीस ‘नाक’ हे महार समाजाचे ओळखचिन्ह आहे. बनावट करणाऱ्याला नावांचा सर्वांत हाताशी असलेला साठा हाच. परंतु स्तंभावरील मृताला १८५१ चे पदक मिळणे शक्य नाही. समान नावाचा दुसरा शिपाई असू शकतो हे मान्य करूनही, असे पदक समोर आल्यास प्रथम संशयच घ्यावा.

जुने नाव घासून नवे कोरण्याचा प्रकारही आहे. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली नहपानाच्या नाण्यांचा जो प्रचंड साठा मिळाला, त्यातील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा उमटविला होता. खालची अक्षरे पुसट का होईना उरली, म्हणून इतिहास कळला. पदकाच्या कडेवर तेवढे भाग्य नसते. घासलेली कड किंचित आत जाते व व्यास घटतो. तेथे भाषाशास्त्राने मागे सरून मोजपट्टीला वाट द्यावी.

दुसऱ्या महायुद्धातील तारकांविषयीचा एक गैरसमज येथेच दूर करावा. ब्रिटिश सैनिकांना दिलेल्या तारकांवर नाव नसे, हिंदी सैनिकांना दिलेल्यांवर असे. इंग्रजी पुस्तकातील सामान्य विधान वाचून आपल्याकडील नावाची तारका खोटी ठरविणे हा शुद्ध अन्याय आहे.

बिल्ल्यांवर शिपायाचे नाव नसते आणि पितळ पुन्हा ओतणे अवघड नाही; म्हणून तेथे आमची कसोटी तोकडी पडते. तरी मराठा पलटणीच्या इंग्रजी नावात स्वातंत्र्यपूर्व काळी ‘एच’ व दोन ‘टी’ असत, तसेच १९४१ साली उभारलेल्या महार रेजिमेंटच्या बिल्ल्यावरील कोरेगावचा स्तंभ स्वातंत्र्यानंतर जाऊन तेथे खंजीर आला, एवढ्या दोन गोष्टी कालनिर्णयास पुरेशा ठरतात.

भाषिक कसोटी निषेधाची आहे, विधानाची नव्हे. काळाशी विसंगत रूप वस्तूला बाद करू शकते. सुसंगत रूप तिला अस्सल ठरवीत नाही, कारण चतुर कारागीर जुन्या पट्टीवरून अक्षर न् अक्षर उचलू शकतो. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात पदकांच्या याद्या आहेत. त्यांच्याशी ताळा पाहावाच. मात्र यादी हेही एका कारकुनाचे श्रुतलेखन आहे, हे विसरू नये.

१९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती खासगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही. तेव्हा ती येथेच नोंदली जाणार. आमच्या विद्यार्थ्यांनी नोंद घेताना कडेवरील प्रत्येक अक्षर जसेच्या तसे उतरावे, घरात चालणारा उच्चार शेजारच्या रकान्यात स्वतंत्र लिहावा, आणि पहिल्या रकान्यात स्पेलिंग ‘दुरुस्त’ करण्याचा मोह आवरावा.