दाई चहा घेऊन आले

सांदकफूहून परत आल्यावर मी एक प्रवासवर्णन लिहिलं होतं. बरंच लांब, अकरा फोटो, शेवटी खर्चाची चौकट. लोकांनी आवडीनं वाचलं. गेल्या महिन्यात एक मैत्रीण तोच ट्रेक करायला निघाली आणि तिनं लिंक मागितली. पाठवण्याआधी म्हटलं एकदा नजर टाकू. नजर टाकली, आणि पाठवलं नाही.

त्यात आमच्या गाइडचा उल्लेख पाच वेळा आहे. चार वेळा त्यांच्या हातात चहा आहे. पाचव्या वेळी ते हसतायत.

आम्ही त्यांना ‘दाई’ म्हणायचो. नेपाळीत दाई म्हणजे मोठा भाऊ. मराठीत दाई म्हणजे काय यावर पहिल्या दिवशी आमच्या ग्रुपमध्ये भरपूर विनोद झाले, आणि ते सगळे मी लेखात घेतले. दाई काय म्हणाले, ते मात्र एकदाच घेतलं: “चाय, शाब.” हा ‘शाब’ मी मुद्दाम लिहिला होता, वातावरणनिर्मिती म्हणून! मग मी नेटवर मिळतील तेवढी मराठी सांदकफू-वर्णनं वाचून काढली. बहुतेकांत तेच. न्यू जलपाईगुडी स्टेशन, पहिला मोमो, मानेभंज्यांगहून सुरुवात, टुमलिंगला ‘एक पाय भारतात, एक नेपाळमध्ये’ असा फोटो, काळीपोखरीचं काळं पाणी, आणि सांदकफूचा सूर्योदय: एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू एका बाजूला, कांचनजंगा दुसऱ्या बाजूला झोपलेल्या बुद्धासारखी. हे सगळं खरंच दिसतं, आणि दिसल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही, हेही खरं. पण वर्णनांचा सांगाडा ट्रेकच्या कंपनीनं पाठवलेल्या पीडीएफचा असतो. ‘डे ३: काळीपोखरी ते सांदकफू, ६ किमी, तीव्र चढ.’ आपण त्यात विशेषणं भरतो.

सगळ्यात खटकलं ते एक क्रियापद. ‘आम्ही सांदकफू सर केलं.’ सर करणं हा आपला किल्ल्यांचा शब्द. तोफा, वेढा, माळ लावणं वगैरे. सांदकफूची उंची ३,६३६ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त, पण माथ्यापर्यंत जीप जाते. जुन्या लँड रोव्हर त्या रस्त्यावर कित्येक वर्षं चालल्या. जिथं तांदळाचं पोतं गाडीनं चढतं, तिथं आम्ही काय सर केलं? समोर दिसणाऱ्या कांचनजंगेचं उदाहरण घ्या. १९५५ साली जॉर्ज बँड आणि जो ब्राऊन पहिल्यांदा तिथं पोहोचले आणि माथ्याच्या काही फूट खाली थांबले, कारण सिक्कीमच्या लोकांसाठी तो माथा पवित्र. ८,५८६ मीटरवर ज्यांनी हात आखडता घेतला त्यांच्यासमोर आमचं ‘सर’ फारच पोरकट वाटतं.

दुसरा शब्द ‘शेर्पा’. मी दाईंना दोनदा शेर्पा लिहिलं होतं. शेर्पा हा एक समाज आहे, नावाचा अर्थ पूर्वेकडचे लोक. दाई तमांग होते, आणि हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला वाटलं वाचकाला शेर्पा पटकन कळेल.

आता कोणी म्हणेल, सुट्टीच्या लेखाकडून इतकी अपेक्षा कशाला? दाई कामावर होते, त्यांना तरी कुठं लेखात यायचं होतं? मान्य. त्यांचं चरित्र लिहा असं मी म्हणत नाहीये. वाक्याचा कर्ता बरोबर असावा, एवढंच. ‘धुक्यातून आम्ही वाट काढली’ हे माझं वाक्य. वाट दाईंनी काढली. आम्ही दगडावर बसून चिक्की खात होतो.

ही सवय सह्याद्रीतून आली असावी. तिथं खरंच आपण वाट शोधतो, चुकतो, पुन्हा शोधतो. सिंगालिलाच्या राष्ट्रीय उद्यानात गाइड घ्यावाच लागतो. पण सह्याद्रीच्या लेखांत गावातले मामा भेटले की ते भरपूर बोलतात. किल्ल्याची गोष्ट सांगतात, आपली चेष्टाही करतात. मामांची मराठी आपल्या कानाला कळते, म्हणून ती कागदावर येते. दाई आमच्याशी हिंदीत बोलायचे. ती त्यांचीही परकी आणि आमचीही. त्या मधल्या भाषेत माणूस थोडा बावळट दिसतो, दोन्हीकडचा. आम्ही फक्त त्यांचा बावळटपणा लिहिला.

काळीपोखरीच्या रात्री चुलीपाशी मी त्यांना म्हणालो होतो की हा रस्ता नसता तर ट्रेक किती भारी झाला असता. दिवसभर जीपच्या धुळीनं मी वैतागलो होतो, फोटोत येणारी प्रत्येक जीप क्रॉप करत होतो. दाई म्हणाले, माझ्या आईला डोकोत बसवून, पाठीवर घेऊन खाली नेली होती. डोको म्हणजे ओझ्याची बांबूची टोपली, तिचा पट्टा कपाळावर येतो. मग त्यांनी विचारलं, “रस्ता नसता तर तुम्हाला मजा आली असती ना?” आवाजात राग नव्हता. मी हसलो, ते लाकूड सारायला उठले.

लेखात मी लिहिलं: ‘रस्त्यामुळे या ट्रेकची मजा कमी झाली आहे.’ आणि त्याच्या आधी: ‘अस्पर्श निसर्ग.’

खर्चाच्या चौकटीत पॅकेजची रक्कम आहे, ट्रेनचं तिकीट आहे, थर्मल कुठं स्वस्त मिळतात तेही आहे. त्या रकमेतले दाईंना किती मिळाले, हे मी विचारलं नव्हतं.

लेख पुन्हा लिहायला घेतलाय. ‘सर’ काढलं, ‘शेर्पा’ काढलं, धुक्याचं वाक्य बदललं: ‘दाई पुढे गेले. आम्ही बसून राहिलो.’ जीपचे मूळ फोटो फोनमध्ये सापडले, ते लावलेत. गैरीबासला मात्र अडलोय. तिथं एसएसबीची चौकी आहे, आमची ओळखपत्रं तपासली जात होती, आणि दाई चहाच्या टपरीवरच्या दिदीशी बराच वेळ नेपाळीत काहीतरी गंभीर बोलत होते. दोघंही मधूनच आमच्याकडे बघत होते. माझ्या जुन्या लेखात त्या जागी वाक्य आहे: ‘इतक्यात दाई चहा घेऊन आले.’