पडद्यावरचा चेहरा आणि कातडीवरचा रंग

स्नेहसंमेलन जवळ आले की शाळाशाळांतून वाघ, हडळ, सांगाडा, परी असे चेहरे रंगवण्याची लगबग सुरू होते. अलीकडे ही रंगभूषा मुले मोबाईलवरच्या ‘मेकओव्हर’ खेळांतून शिकतात, असे पालक कौतुकाने सांगतात. मी असे काही खेळ खेळून पाहिले. त्यांची नावे देण्यात अर्थ नाही. एक पाहिला की दहा पाहिल्यासारखे होतात. पडद्यावर एक चेहरा येतो. आधी त्याच्या पुटकुळ्या पुसायच्या, मग कातडी ‘उजळायची’, मग डब्यांतले रंग बोटाने ओढत न्यायचे. बिघडले तर ‘मागे’ जायचे. शेवटी तारे मिळतात. ते कोणालाही मिळतात.

यातून काहीच शिकता येत नाही असे मात्र नाही. सांगाड्याचा चेहरा घ्या. डोळ्यांच्या खोबणी, कानशिले आणि गालांखालचा खळगा काळा. कपाळ, गालाची हाडे आणि हनुवटी पांढरी. प्रकाश बहुधा वरून येतो, म्हणून पुढे आलेला भाग उजळ आणि आत गेलेला भाग गडद दिसतो, हे आपल्या मेंदूने गृहीत धरलेले असते. रंगभूषाकार याच गृहीतकाचा फायदा घेतो. कोणता रंग कोठे हवा याची जाण खेळातून येते, आणि रंग वाया न घालवता वीस वेळा प्रयत्न करता येतात. कागदावर आराखडा काढण्याइतका हा उपयोग नक्कीच आहे.

घोटाळा होतो तो रंगांच्या मिश्रणात. मोबाईलच्या पडद्यावर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवून पाहा. तो भिंगाचे काम करतो आणि पांढऱ्या जागी लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतात. पडदा प्रकाशाची बेरीज करतो. रंगद्रव्य उलट पांढऱ्या प्रकाशातला काही भाग शोषून घेते. म्हणजे ती वजाबाकी असते. पडद्यावरच्या पिवळ्यावर निळ्याचा अर्धपारदर्शक थर दिला, तर संगणक बहुधा दोन्हींच्या आकड्यांची सरासरी काढतो. पिवळा म्हणजे लाल २५५, हिरवा २५५, निळा ०. निळा म्हणजे ०, ०, २५५. सरासरी तिन्हींची सुमारे १२८, म्हणजे चक्क राखाडी! गालावर हेच दोन रंग मिसळले तर हिरवा मिळतो. पहिलीतल्या मुलाला रंगपेटीतून जे कळते, ते खेळात शिकलेल्या मुलीला आरशासमोर नव्याने शोधावे लागते. नववी-दहावीच्या वर्गात हा प्रयोग जरूर करावा. ‘खेळ चुकीचा का?’ या प्रश्नावर प्रकाशाचा निम्मा धडा शिकवून होईल.

पांढऱ्या रंगाचेही तसेच. खेळातला पांढरा सावळ्या कातडीला एका फटकाऱ्यात झाकतो. प्रत्यक्षात पांढरेपणा येतो तो बारीक कणांवरून प्रकाश विखुरल्यामुळे, आणि कणांचा अपवर्तनांक भोवतालच्या द्रवाहून जितका वेगळा तितका प्रकाश अधिक विखुरतो. खडूच्या भुकटीचा अपवर्तनांक १.५ ते १.६, खोबरेल तेलाचा सुमारे १.४५. म्हणून खडू तेलात कालवला की जवळजवळ नाहीसा होतो. झिंक ऑक्साइडचा सुमारे २, टायटॅनियम डायऑक्साइडचा २.५ हून अधिक. ते तेलातही पांढरेच राहतात.

खेळातल्या चेहऱ्यावर प्रकाश कोठून पडतो, कोणत्या रंगाचा पडतो, याला काहीच महत्त्व नाही. रंगमंचावर तेच सर्वस्व असते. हिरव्या दिव्याखाली लाल ओठ काळे दिसतात. लाल दिव्याखाली पांढऱ्यावरची लाल रेघ हरवते. मूकपटांच्या काळातल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जाणवत नसे, तेव्हा लाल ओठ पडद्यावर काळेठिक्कर उमटत. पुढे पॅनक्रोमॅटिक फिल्म आली, तेव्हा १९२८ मध्ये मॅक्स फॅक्टरने तिच्यासाठी निराळी प्रसाधने तयार केली. कोकणातले दशावतारी नट आपली रंगभूषा स्वतः करतात. गॅसबत्तीच्या उजेडात मागच्या रांगेतल्या माणसालाही राक्षस ओळखू आला पाहिजे, हा हिशेब त्या रंगांत असे. सजावटीच्या दुकानातला रंगीत जिलेटिन कागद विजेरीवर लावला की वर्गातही हे दाखवता येते.

माझा सर्वांत मोठा आक्षेप मात्र त्या कातडीबद्दल आहे. पडद्यावरच्या कातडीला घाम येत नाही, खाज सुटत नाही, पुरळ उठत नाही. खेळ पाहून उत्साहाने आलेली मुले शाळेतल्या चित्रकलेच्या कपाटाकडे वळतात आणि पोस्टर रंग, सोनेरी रंग गालांना फासतात. डबीवर ‘बिनविषारी’ लिहिलेले असले तरी तो रंग कातडीसाठी केलेला आहे असा त्याचा अर्थ होत नाही. जुन्या रंगभूषेत मुरदाडशिंग वापरत. ते शिशाचे ऑक्साइड, म्हणजे विषच, पण दिसायला निरुपद्रवी पिवळसर भुकटी. म्हणून चेहऱ्यासाठीच केलेले रंग आणावेत, आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून पाहावा, आणि डोळ्यांच्या कडांपासून ब्रश दूर ठेवावा. तेलकट रंग काढताना आधी खोबरेल तेल, मग साबण. घासू नये. त्याला दहा-पंधरा मिनिटे लागतात, तेव्हा कार्यक्रमपत्रिकेत वाघाच्या नाचानंतर लगेच त्याच मुलाला स्वागतगीताला उभे करू नका.