वरच्या मजल्यावरचा माणूस : सत्यजित राय यांचा 'सीमाबद्ध'

'सीमाबद्ध' मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा चोवीस वर्षांची होते. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म अर्काइव्हच्या थिएटरात, एका शनिवारी संध्याकाळी. भोसरीतल्या एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात मला नुकतीच नोकरी लागली होती आणि पहिल्या पगारातून घेतलेलं घड्याळ हातात होतं. चित्रपटात एक मोठ्या हुद्द्यावरचा माणूस कंपनीवर आलेलं संकट कोणाच्याही लक्षात न येता निभावून नेतो आणि डायरेक्टर होतो. घरी परतताना बसमध्ये माझ्या मनात काय होतं ते आज सांगायला लाज वाटते. मला वाटलं होतं, काय डोकं आहे या माणसाचं!

त्यानंतर हा चित्रपट मी तीनदा पाहिला. चित्रपट अर्थातच तोच आहे. म्हणून हे लिहिणं त्याच्याबद्दल जितकं आहे तितकंच थोडं माझ्याबद्दलही होईल, त्याला इलाज नाही. शेवटही सांगणार आहे. ज्यांना तो आधी कळायला नको असेल त्यांनी चित्रपट पाहून मग इकडे यावं.

राय यांचं नाव निघालं की आपल्याकडे 'पथेर पांचाली', 'चारुलता', फार तर 'शतरंज के खिलाडी' यांच्याबद्दल बोललं जातं. त्यांच्या कलकत्ता-त्रयीतल्या 'प्रतिद्वंद्वी' (1970) आणि 'जनअरण्य' या दोन चित्रपटांचीही चर्चा होते, कारण त्यांत बेकारी आहे, राग आहे, शहराचा घाम आहे. मधला 'सीमाबद्ध' (1971) मात्र राहून जातो. वास्तविक त्याला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. तरी तो विसरला गेला, आणि याचं कारण मला वाटतं त्याच्या नायकातच आहे. बेकार तरुणाची बाजू घेणं सोपं असतं. एअर कंडिशनरखाली बसलेल्या, टाय लावलेल्या, कोणाशीही आवाज न चढवता बोलणाऱ्या माणसाचं काय करायचं, ते आपल्याला कळत नाही.

या माणसाचं नाव श्यामलेंदू चटर्जी. पाटण्याच्या एका शिक्षकाचा हुशार मुलगा. 'हिंदुस्थान पीटर्स' या ब्रिटिश मालकीच्या कंपनीत पंख्यांच्या विभागाचा सेल्स मॅनेजर. कंपनीचा फ्लॅट, कंपनीची गाडी, क्लब, रेसकोर्स, मुलगा दार्जिलिंगच्या शाळेत. वर जायला आता एकच पायरी उरली आहे, डायरेक्टरपदाची, आणि त्या पायरीवर नजर ठेवून दिव्यांच्या विभागाचा रुणू सान्यालही उभा आहे. अशा वेळी पाटण्याहून धाकटी मेहुणी टुटुल काही दिवसांसाठी राहायला येते. तिच्या मनात या भावोजींबद्दल पूर्वीपासून एक हळवा आदर आहे. आपण हे सगळं वैभव तिच्याबरोबर हिंडत, तिच्या नजरेनं पाहतो.

मग संकट येतं. इराकला निघालेल्या पंख्यांत शेवटच्या क्षणी दोष सापडतो. माल वेळेत गेला नाही तर करारानुसार भुर्दंड, आणि श्यामलेंदूच्या बढतीवर पाणी. पण त्याच करारात सुटकेची वाटही आहे. कारखान्यात संप-टाळेबंदीसारखं काही झालं, तर उशिराचा दोष कंपनीवर येत नाही. श्यामलेंदू लेबर ऑफिसर तालुकदारला बोलावतो. दोघांचं बोलणं होतं. थोड्याच दिवसांत कारखान्यात गडबड होते, बॉम्ब फुटतो, एक वॉचमन जबर जखमी होतो, कारखाना बंद. माल दुरुस्त करायला वेळ मिळतो. श्यामलेंदूला बढती मिळते.

1971 सालच्या कलकत्त्यात ही गोष्ट किती सहज खपून जाणारी होती, हे लक्षात घ्यायला हवं. 1967 मध्ये संयुक्त आघाडीचं सरकार आल्यावर 'घेराव' हा शब्द तिथून देशभर गेला. त्यानंतरची वर्षं संपांची, टाळेबंद्यांची आणि नक्षलवादी चळवळीची. चित्रपटात शहरात फुटणाऱ्या बॉम्बचे आवाज त्या उंच फ्लॅटपर्यंत पोचतात आणि वरची माणसं त्यांना सरावलेली आहेत. अशा शहरात आणखी एका कारखान्यात आणखी एक बॉम्ब फुटला तर तो कोणी फोडला, असं विचारणार कोण? उत्तर सगळ्यांना आधीच माहीत असतं. श्यामलेंदूची खरी हुशारी इथे आहे. त्याला नवं काही रचावं लागत नाही. लोकांच्या मनात तयार असलेली गोष्ट तो फक्त वापरतो. संप हे कामगारांचं हत्यार, आणि तेच इथे मालकाच्या टेबलाच्या खणातून निघतं.

त्या काळी राय यांच्यावर टीका होत असे की शहर पेटलेलं असताना ते थेट राजकीय चित्रपट काढत नाहीत. मृणाल सेन यांच्या 'इंटरव्ह्यू' आणि 'कलकत्ता 71' यांच्याशी तुलना व्हायची. 'सीमाबद्ध'मध्ये मोर्चा नाही, घोषणा नाही, कामगारांना फारसा चेहराही नाही. मीही एकदा हा आक्षेप घेतला होता. आता मला तो पटत नाही. राय यांनी आपला कॅमेरा श्यामलेंदू जिथे राहतो तिथे ठेवला आहे, आणि तिथून कामगार दिसतच नाहीत. त्याला दिसतात ते कागद, तारखा, कलमं. चित्रपटानं आपल्याला कामगार दाखवले असते तर आपण लगेच त्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिलो असतो आणि हात झटकून मोकळे झालो असतो. राय ती सोय ठेवत नाहीत.

हे जग त्यांना आतून माहीत होतं हेही खरं. 'पथेर पांचाली'च्या आधी, 1943 पासून, ते डी. जे. केमर या ब्रिटिश जाहिरात कंपनीच्या कलकत्त्याच्या ऑफिसात काम करत होते. श्यामलेंदूच्या भूमिकेसाठी त्यांनी निवडलेले बरुण चंदा हेही जाहिरातक्षेत्रातलेच, आणि हा त्यांचा पहिलाच चित्रपट. म्हणून या माणसाचं फोन उचलणं, साहेबाच्या खोलीत शिरताना चेहऱ्यावरचं हसू बेताचं ठेवणं, पार्टीत कोणाशी किती वेळ बोलायचं याचा हिशेब, यात कुठे अभिनय दिसत नाही. तालुकदारच्या भूमिकेत हराधन बंडोपाध्याय आहेत. त्यांचा तो गुळगुळीत, सगळं समजून काहीच न समजल्यासारखा चेहरा मला पुढे नोकरीत कितीदा तरी भेटला.

महत्त्वाकांक्षेवरच्या पाश्चात्त्य चित्रपटांत वर जाण्याचा जिना बहुधा बाईतून जातो. 'अ प्लेस इन द सन' (1951) किंवा 'रूम अ‍ॅट द टॉप' (1959) घ्या. गरीब तरुण, श्रीमंत घरची मुलगी, आणि मध्ये आडवी येणारी दुसरी बाई. त्यात वासना असते, अपराध असतो, कोणाचा तरी मृत्यू असतो. श्यामलेंदूचा जिना आपल्या ओळखीचा आहे. तो मार्कांचा जिना आहे. चांगला अभ्यास, चांगलं इंग्रजी, चांगली नोकरी. त्यानं कोणाला फसवून काही मिळवलेलं नाही. आपल्या घरांमध्ये ज्या मुलाकडे बोट दाखवून 'बघ, शिक काहीतरी' असं म्हणतात, तो हा मुलगा. म्हणूनच पार्टी रंगात आली असताना त्याचे आईवडील न कळवता दारात येतात आणि त्यांना झटकन आतल्या खोलीत नेलं जातं, तो प्रसंग इतका बोचतो. कोणी त्यांचा अपमान करत नाही. सगळं अदबीनं होतं. ज्यांनी शिकवून वर पाठवलं, त्यांच्यासाठी वर बसायला जागा नाही, एवढंच.

माझी एक तक्रार आहे. ती टुटुलबद्दल. शर्मिला टागोर यांनी ती फार सुंदर केली आहे; बोलता बोलता तिचे डोळे गप्प होतात ते पाहावं. पण टुटुल पाहुणी आहे. तिला पाटण्याला परत जाता येतं. नैतिक न्याय तिच्या हाती देणं मला थोडं सोपं वाटतं. तिची बहीण दोलन हिला त्या फ्लॅटमध्येच राहायचं आहे, मुलाची फी भरायची आहे, नवऱ्याच्या बढतीचा आनंद मानायचा आहे. तिला काय कळलं होतं, किती कळलं होतं, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही. मला तो टुटुलच्या मौनापेक्षा अवघड वाटतो. जब्बार पटेलांच्या 'सिंहासन'मध्येही (1979) सत्तेचा खेळ पाहणारा एक साक्षीदार आहे, निळू फुल्यांचा दिगू टिपणीस. पण दिगूला परतायला पाटणा नाही. तो त्याच मुंबईत राहतो, सगळं पाहतो आणि शेवटी वेड लागल्यासारखा हसतो. ती साक्ष मला अधिक महाग पडलेली वाटते.

तरीही 'सीमाबद्ध'चा शेवट विसरता येत नाही. बढती मिळालेला श्यामलेंदू घरी येतो तर लिफ्ट बंद. तो जिना चढू लागतो. पहिले मजले उत्साहात, मग दम लागतो, मग पाय ओढत. आयुष्यभर वर चढलेल्या माणसाला राय खरोखरच जिना चढायला लावतात, आणि यात प्रतीक वगैरे काही आहे असं मनात यायच्या आत आपल्यालाही धाप लागलेली असते. वर टुटुल त्याच्यासमोर बसते. त्यानं तिला वापरायला दिलेलं घड्याळ ती मनगटावरून काढते आणि परत ठेवते. काही बोलत नाही. तो चेहरा हातांत घेतो.

चित्रपटात त्याला शिक्षा होत नाही. कोणाला काही कळलेलं नाही, कळणारही नाही. इंग्रजीत या चित्रपटाचं नाव 'कंपनी लिमिटेड' असं आहे. त्या 'लिमिटेड'चा व्यवहारातला अर्थ मी कामावर शिकले. जबाबदारी मर्यादित. कंपनी बुडाली तरी भागधारकाच्या घरातली भांडी कोणी नेत नाही. श्यामलेंदूला वाटलं होतं की माणसालाही तशी सोय असते.

दुसऱ्यांदा चित्रपट पाहिला तो 2010 मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी ऑर्डरी घटल्या होत्या आणि आमच्याकडे कंत्राटी कामगारांची यादी करायची होती. कायद्यानं 240 दिवस भरले की कामगाराला काही हक्क मिळतात. तेवढे दिवस भरण्याआधी कोणाकोणाला थांबवायचं, हे तारखांप्रमाणे लावून देणं माझं काम. मी ते चोख केलं. त्यात बेकायदेशीर काही नव्हतं. साहेबांनी कौतुक केलं, पुढच्या वर्षी बढती मिळाली. चित्रपटात श्यामलेंदू आणि तालुकदारचं बोलणं सुरू झालं तेव्हा मला थिएटरातून उठावंसं वाटलं. यादीतलं एकही नाव मला आठवत नव्हतं. तारखा आठवत होत्या.

आणि मग बाबा आठवले. ते ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. मी अकरा वर्षांची असताना तिथे टाळेबंदी झाली ती सात महिने चालली. आईनं शिवणाची कामं घेतली. मुंबईत गिरण्यांचा 1982 चा संप झालेला होता, वातावरण तेच होतं. चाळीत सगळे म्हणायचे, युनियनवाल्यांनी दगडफेक केली, म्हणून कारखाना बंद पडला. मीही तेच मानत मोठी झाले. पर्सोनेल खात्यात गेले त्यामागेही कुठेतरी हेच होतं, की या दगडफेक करणाऱ्यांच्या बाजूला आपल्याला जायचं नाही.

त्या रविवारी मी ठाण्याला गेले आणि बाबांना विचारलं, "बाबा, तेव्हा दगडफेक नक्की कोणी केली होती?"

ते पेपर वाचत होते. चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "ते कधी कोणाला कळतं का गं? मी सेकंड शिफ्टला गेलो तर गेटवर नोटीस लागलेली होती. टाइप केलेली. छान, नीट टाइप केलेली होती." मग थोडं थांबून म्हणाले, "दगड सकाळी पडले म्हणाले. एवढ्यात टाइप करून झाली पण."

त्यांच्या बोलण्यात आरोप नव्हता. टाइमकीपरच्या सवयीनं त्यांनी फक्त वेळ सांगितली होती. बाबा आता नाहीत. त्या नोटिशीमागे काय होतं ते मला माहीत नाही, आणि कदाचित काहीच नसेल. पण 'सीमाबद्ध' पाहताना आता मी तालुकदारकडे पाहत नाही, टुटुलकडेही नाही. त्या वॉचमनकडे पाहते. त्याच्या वाट्याला पडद्यावर फार थोडा वेळ येतो, आणि तेवढ्यात त्याचा चेहरा लक्षात ठेवायचा मी प्रयत्न करते. दर वेळी थिएटरातून बाहेर आल्यावर लक्षात येतं की तो पुन्हा आठवत नाहीये.