भय-विनोदपट
भय-विनोदपट : भयपटातील रूढ संकेतांचा (ओसाड वाडा, तळघर, शवपेटिका, मृताचे उठून बसणे इत्यादींचा) विनोदनिर्मितीसाठी उपयोग करणारा चित्रपटप्रकार. ज्यांची कारकीर्द मुख्यत्वे भयपटांत गाजली, अशा वयोवृद्ध नटांना घेऊन काढलेले चित्रपट हा या प्रकारातील एक लक्षणीय गट होय. अमेरिकेत १९६० नंतरच्या काही वर्षांत या गटाला बहर आला. भयाचे विडंबन एवढेच त्यांच्या लोकप्रियतेचे कारण नाही. प्रेक्षकाच्या स्मृतीत रुजलेले चेहरे आणि त्या चेहऱ्यांनी विनोदातही न सोडलेले गांभीर्य, यांत त्यांचे खरे आकर्षण आहे.

संस्कृत काव्यशास्त्रात हास्य व भयानक हे परस्परविरोधी रस मानले आहेत. विश्वनाथाने साहित्यदर्पणात (चौदावे शतक) हास्याचा विरोध भयानक व करुण या दोहोंशी सांगितला आहे. भय-विनोदपटापुढील मूळ अडचण हीच होय : हसू फुटले की भीती ओसरते आणि भीती दाटली की हसू मावळते. ही अडचण निरनिराळ्या दिग्दर्शकांनी निरनिराळ्या रीतींनी सोडविली. जेम्स व्हेलने द ओल्ड डार्क हाउस (१९३२) व ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन (१९३५) या चित्रपटांत पात्रांच्या विक्षिप्तपणातून भयाच्या पोटातच विनोद निर्माण केला. ॲबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेन्स्टाइन (१९४८) या चित्रपटात दोन्ही रसांची वाटणीच करण्यात आली : हसविण्याचे काम विनोदी जोडीकडे आणि भेदरविण्याचे काम राक्षसांकडे. बेला लुगोसीने (१८८२–१९५६) १९३१ नंतर पूर्ण लांबीच्या चित्रपटात ड्रॅक्युलाची भूमिका पुन्हा केली ती याच चित्रपटात. ती करताना त्याने कोठेही थट्टेचा सूर लावला नाही, म्हणूनच कॉस्टेलोच्या भेदरण्याला अर्थ येतो. चार वर्षांनी निघालेल्या बेला लुगोसी मीट्स अ ब्रुकलिन गोरिला (१९५२) या चित्रपटाने मात्र लुगोसीचे नाव शीर्षकात मिरविले. पण त्याच्या अभिनयगुणांना वाव देईल अशी भूमिका त्याला दिली नाही. वृद्ध नटाचा गौरव आणि त्याचे हसे यांतील अंतर या दोन चित्रपटांच्या तुलनेवरून स्पष्ट होते.

या चित्रपटांना लागणारा जाणता प्रेक्षकवर्ग घडविण्यात दूरचित्रवाणीचा वाटा मोठा आहे. १९५७ मध्ये युनिव्हर्सल कंपनीचे जुने भयपट ‘शॉक’ या नावाने एकत्रितपणे अमेरिकन दूरचित्रवाणीला उपलब्ध झाले. परिणामी १९३०–४० मधील राक्षस व त्यांच्या भूमिका करणारे नट नव्या पिढीला घरबसल्या परिचित झाले. त्यामुळे १९६३ च्या सुमारास चित्रपटगृहात बसलेल्या तरुण प्रेक्षकाला तीस वर्षांपूर्वीचा बोरिस कार्लॉफ (१८८७–१९६९) आणि समोरच्या पडद्यावरचा थकलेला कार्लॉफ हे दोघेही एकाच वेळी दिसत होते.

अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या संस्थेसाठी रॉजर कॉर्मन हा दिग्दर्शक १९६० पासून एडगर ॲलन पोच्या साहित्यावर आधारलेले भयपट काढीत होता. टेल्स ऑफ टेरर (१९६२) या चित्रपटातील एका कथेत व्हिन्सेंट प्राइस (१९११–९३) व पीटर लॉरी (१९०४–६४) यांच्यात मद्याची पारख करण्याची स्पर्धा रंगते. हे विनोदी प्रकरण प्रेक्षकांना आवडले. त्यातून पुढे द रेव्हन (१९६३) हा पूर्ण विनोदी चित्रपट निघाला. पोच्या कवितेचे त्यात फारसे काही उरलेले नाही. तीन जादूगारांच्या स्पर्धेची ती कथा आहे. लॉरी आयत्या वेळी सुचेल ते संवाद बोले, तर कार्लॉफ संहितेला धरून चाले. या दोन पद्धतींमुळे चित्रीकरणात ताण उत्पन्न होई. प्राइस दोघांनाही सांभाळून घेई. पडद्यावर मात्र हाच ताण उपकारक ठरला. अखेरच्या मंत्रयुद्धात प्राइस व कार्लॉफ समोरासमोर बसून एकमेकांवर अस्त्रे सोडतात. त्यातील मौज चमत्कृतींपेक्षा दोघांच्या राजस शिष्टाचारात अधिक आहे.

या गटातील सर्वांत बोलका चित्रपट म्हणजे झाक टूर्नर दिग्दर्शित द कॉमेडी ऑफ टेरर्स (१९६४). रिचर्ड मॅथेसनच्या पटकथेत वॉल्डो ट्रंबुल (प्राइस) हा मद्यपी अंत्यविधी-व्यावसायिक आहे. शोककर्ते पांगले की तो प्रेत खड्ड्यात ओतून तीच शवपेटिका पुन्हा वापरतो आणि गिऱ्हाईक मिळेनासे झाले की स्वतःच ‘निर्माण’ करतो. फेलिक्स गिली (लॉरी) हा त्याचा नाखूश साहाय्यक. थकलेल्या भाड्यासाठी तगादा लावणारा घरमालक ब्लॅक (बॅझिल रॅथबोन, १८९२–१९६७) यालाच मारण्याचे ते ठरवितात. परंतु ब्लॅकला मृतवत मूर्च्छा येण्याचा विकार असल्याने तो पुनःपुन्हा उठतो आणि मॅक्‌बेथमधील भाषणे म्हणू लागतो.

या कथेला नटांच्या पूर्वचरित्राने वेगळीच खोली येते. टॉवर ऑफ लंडन (१९३९) या चित्रपटात रॅथबोन व कार्लॉफ यांच्या पात्रांनी प्राइसच्या पात्राला मद्याच्या पिंपात बुडवून मारले होते; पंचवीस वर्षांनी प्राइस रॅथबोनच्या जिवावर उठतो. रॅथबोन मूळचा शेक्सपिअरच्या नाटकांतील नट. गोळ्या लागल्यावरही त्याच्या पात्राचे पठण थांबत नाही, हा विनोद त्याच्या शुद्ध वाणीशिवाय उभाच राहिला नसता. ब्लॅकची धावपळीची भूमिका आरंभी कार्लॉफसाठी योजिली होती. पण पंच्याहत्तरीत पोहोचलेल्या कार्लॉफला ती झेपणारी नव्हती. म्हणून भूमिकांची अदलाबदल होऊन कार्लॉफकडे ट्रंबुलच्या बहिऱ्या, विसरभोळ्या सासऱ्याची भूमिका आली. जावई त्याला ‘औषध’ म्हणून विष पाजण्याची संधी शोधत असतो. अखेरीस म्हातारा तेच औषध निष्पाप प्रेमाने जावयालाच पाजतो. नटाच्या दुर्बलतेचे भूमिकेच्या बळात झालेले हे रूपांतर चित्रपटाची सर्वांत मोठी मिळकत होय.

चित्रपटात दोषही आहेत. ट्रंबुलच्या पत्नीचे बेसूर गाणे व तिची अवहेलना यांची पुनरावृत्ती कंटाळवाणी होते. कॅट पीपल (१९४२) मध्ये अदृश्य भयाचा सूक्ष्म प्रत्यय देणाऱ्या टूर्नरला प्रहसनाची गती सर्वत्र साधलेली नाही. तरीही चित्रपट मनात राहतो. कारण मृत्यूची टिंगल करणारे येथे मृत्यूपासून फार दूर नव्हते. प्रदर्शनानंतर दोन-तीन महिन्यांतच, मार्च १९६४ मध्ये, लॉरीचे निधन झाले.

या परंपरेचे पुढील टप्पे तिच्या यशाची अट दाखवितात. थिएटर ऑफ ब्लड (१९७३) या ब्रिटिश चित्रपटात प्राइसने उपेक्षित शेक्सपिअरी नट रंगविला. हा नट आपल्या टीकाकारांना शेक्सपिअरच्या नाटकांतील प्रसंगांनुसार ठार करतो. विनोदामागे दुखावलेल्या कलावंताची खरी व्यथा असल्याने भय व हास्य दोन्ही टिकतात आणि त्यांत करुणाचीही भर पडते. याउलट हाउस ऑफ द लाँग शॅडोज (१९८३) मध्ये प्राइस, क्रिस्टोफर ली, पीटर कुशिंग व जॉन कॅरडाइन हे चार मातबर नट एकत्र आणले गेले. पण घडले ते सारे बनावट होते असा शेवट करून पटकथेने त्यांच्या भयावहतेचा आधारच काढून घेतला. नावे जमविली, तरी त्या नावांना करण्याजोगे काम मिळाले नाही.

सारांश, वृद्ध भयनटांचा विनोद हा त्यांच्या पूर्वीच्या भूमिकांच्या भांडवलावर चालतो. पण ते भांडवल उधळले की विनोदही संपतो. नट स्वतः आपल्या भूमिकेला हसू लागला, तर प्रेक्षकाला हसण्याजोगे काही उरत नाही. तो ती मनापासून करीत राहिला, तर प्रेक्षक हसतो आणि हसता हसता त्याच्या वार्धक्याला व कसबाला मानही देतो. विरोधी म्हणून गणलेले रस येथे एकत्र नांदतात, ते या आदराच्या आधारावर.